टायर बदलले, ॲव्हरेज पडले. वसुली ड्रायव्हरकडून का?

(इटारसी येथील कामगार अभ्यासवर्गात केलेले भाषण)



विषयपत्रिका वाचून मघाशी दोघा-तिघांनी मला विचारले, "सेक्रेटरीसाहेब, आपण रुळावरची माणसे. पिकअपच्या टायरशी आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. आज आपली ओएचईची गँग, सिग्नलची गँग आणि ट्रॅकचे सामान कामाच्या जागी पुष्कळदा ठेकेदाराच्या पिकअपमधून जाते. डाकेच्या थैल्या आणि पार्सले मेल मोटार सर्व्हिसच्या गाड्यांतून जातात, तशीच कंत्राटी गाड्यांतूनही जातात. या गाड्यांचे ड्रायव्हर आपल्या हजेरीपटावर नाहीत, पण काम आपलेच करतात. दुसरी गोष्ट, आपले निवृत्त होणारे बांधव ग्रॅच्युइटीचे पैसे घालून मुलाला पिकअप घेऊन देतात. अशी तीन-चार घरे या सभागृहातच आहेत. म्हणजे कोणी पगारी ड्रायव्हर आहे, कोणी हप्ते भरणारा मालक आहे. टायरमध्ये पैसा दोघांचाही जातो. फरक एवढाच की पगारी ड्रायव्हरचा पैसा दुसऱ्याच्या चुकीच्या हिशेबामुळे जातो आणि वर त्याला चोर म्हटले जाते.

एक प्रकरण सांगतो. ठेकेदाराचे नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. त्याच्या एका पिकअपचे चारही टायर झिजले होते. मूळ टायर २१५/७५ आर १५ मापाचे. त्याला २३५/७५ आर १५ मापाचे टायर स्वस्तात मिळाले, गाडी भरदारही दिसते, म्हणून त्याने तेच चढवले. पुढच्या महिन्यात मुनीमजीने डिझेलच्या पावत्या आणि मीटरचा आकडा घेऊन भागाकार केला. आधी ॲव्हरेज सव्वाबाराचे येत होते, ते सव्वाअकरावर आले. एकवीस लिटर डिझेल 'कमी' ठरले आणि ड्रायव्हरच्या पगारातून एकोणीसशे रुपये कापले गेले. नोटीस नाही, विचारणा नाही. दुसऱ्या महिन्यातही तेच. पोरगा युनियन ऑफिसात आला आणि म्हणाला, "काका, मी काय डिझेल पितो का?"

आता आपण रेल्वेवाल्यांनी हे प्रकरण आपल्या डोक्याने पाहावे. इलेक्ट्रिक लोकोचे नवीन चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचे असते. झिजत झिजत, लेथवर कापत कापत ते १०१६ पर्यंत खाली येते, तेव्हा ते बाद करतात. म्हणजे व्यासात जवळजवळ सात टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून चाक कापले की स्पीड रेकॉर्डरमध्ये नवा व्यास भरावा लागतो. भरला नाही तर वेग चुकीचा दिसतो आणि किलोमीटरही चुकतात. शेडमधल्या साध्या फिटरला हे माहीत आहे. मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो आणि फेऱ्यांवरून अंतराचा अंदाज बांधतो. चाक मोठे झाले तर त्याच अंतरात फेरे कमी होतात आणि मीटर कमी धावतो. चाक लहान झाले तर उलट.

पिकअपच्या टायरलाही हाच नियम लागू आहे, पण पिकअपच्या मीटरमध्ये नवा व्यास भरायला कोणी जात नाही. टायरवरच्या आकड्यांचा अर्थ असा. २१५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या पंचाहत्तर टक्के उंचीची बाजूची भिंत, १५ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. हिशेब केला तर २१५ च्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर येतो आणि २३५ चा ७३३. चार टक्क्यांहून थोडा जास्त फरक. शिवाय जुना टायर झिजलेला होता. नवीन टायरची नक्षी आठ मिलिमीटर खोल धरली आणि ती दीड मिलिमीटरवर आली, तर व्यास तेरा मिलिमीटरने घटतो, म्हणजे आणखी पावणेदोन टक्के.

समजा गाडी महिन्यात खरोखर ३००० किलोमीटर चालली आणि २५० लिटर डिझेल लागले. झिजलेल्या जुन्या टायरवर मीटर दाखवील सुमारे ३०५५ किलोमीटर. नव्या मोठ्या टायरवर त्याच रस्त्याला तो दाखवील २८७७. रस्ता तोच, डिझेल तेच, पण कागदावर १७८ किलोमीटर गायब. जुन्या ॲव्हरेजने भागले तर साडेचौदा लिटर डिझेल 'कमी' पडते. लिटरला नव्वद रुपये धरा, तेराशे रुपये झाले. यातला एक थेंबही कोणी काढलेला नाही. ही निव्वळ भागाकारातली चूक आहे आणि ती ड्रायव्हरच्या पगारातून वसूल केली जाते.

आम्ही काय केले ते सांगतो. मुनीमजीलाच शेजारी बसवून गाडी बैतूलच्या रस्त्याने काढली. किलोमीटरचे दगड मोजले. पन्नास दगड झाले तेव्हा मीटरने अठ्ठेचाळीस दाखवले. मोबाइलवरच्या नकाशानेही पन्नासच सांगितले. मुनीमजी गप्प झाला. मग आम्ही ठेकेदाराला आणखी एक गोष्ट समजावली. बिल किलोमीटरवर असेल तर मीटर कमी धावल्याने त्याचेही महिन्याला सव्वाशे किलोमीटर बुडत होते. ड्रायव्हरवरच्या अन्यायाने त्याचे मन हलले नव्हते, पण हे ऐकून तो ताबडतोब कॅल्क्युलेटर शोधू लागला! (याची दुसरी बाजूही सांगायला हवी. झिजलेल्या किंवा लहान टायरवर मीटर जास्त धावतो आणि न चाललेल्या किलोमीटरचे बिल सरकारी खात्याच्या माथी बसते. आपल्यापैकी जे बिलांवर सह्या करतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

एका महिन्याची कपात त्याने परत केली. दुसऱ्या महिन्याची बाकी आहे.

परंतु बंधूंनो, सगळा फरक मीटरचाच होता असे म्हणणे खरे होणार नाही. एकवीस लिटरपैकी साडेचौदा मीटरचे. उरलेले साडेसहा लिटर डिझेल खरोखरच जास्त जळले. युनियनने खरे ते मांडले पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी आपले कोणी ऐकणार नाही. हे साडेसहा लिटर कुठे गेले?

गाडी ओढायला किती जोर लागतो ते आपण टनामागे किती किलो असे मोजतो. पोलादी चाक पोलादी रुळावर संथ गतीने चालते तेव्हा टनामागे दीड-दोन किलोची ओढ पुरते. रबरी टायरला डांबरी रस्त्यावर टनामागे आठ, दहा, कधी बारा किलो लागते. कारण रबर वजनाखाली दबते आणि पुन्हा फुगते. प्रत्येक फेऱ्याला दबणे आणि फुगणे चालू असते. दबताना जितका जोर जातो तितका फुगताना परत मिळत नाही, मधला भाग उष्णता होऊन जातो. लांब पल्ला मारून आल्यावर टायरला हात लावून पाहा, गरम लागेल. ती उष्णता म्हणजे तुमचे डिझेल आहे.

आता शंभरात एकची चढण म्हणजे टनामागे दहा किलो जादा ओढ, हे प्रत्येक लोको पायलटला पाठ असते. त्याच हिशेबाने पाचशेत एकची चढण म्हणजे टनामागे दोन किलो. टायर बदलला आणि ओढ दहावरून बारा किलो झाली, तर ती गाडी सपाट रस्त्यावरही कायम पाचशेत एकचा चढ चढते आहे असे समजा. चढ संपतच नाही. डोळ्याला दिसत नाही, पण इंजिनाला कळतो.

ही ओढ कशाने वाढते? पहिले कारण ऐकून तुम्हाला नवल वाटेल. नवा टायर जुन्यापेक्षा जड ओढतो. नव्या टायरवर रबराची जाडी जास्त, म्हणून दबणारे रबर जास्त. टायर झिजत जातो तशी ओढ कमी होत जाते. त्यामुळे त्याच मापाचा, त्याच कंपनीचा नवा टायर टाकला तरी सुरुवातीला ॲव्हरेज थोडे पडते. यात ड्रायव्हरचा दोष नाही आणि दुकानदाराने फसवले असेही नाही.

दुसरे कारण टायरच्या बांधणीत आहे. नायलॉनचा आडवा-तिरपा धागा असलेला टायर रेडियलपेक्षा जड ओढतो. रेडियल महाग पडतो, पण जी गाडी हायवेवर रोज दीड-दोनशे किलोमीटर चालते तिला तो परवडतो, हे माझे मत आहे. नक्षीचाही फरक पडतो. लांब सरळ रेघांची रिब नक्षी डांबरी रस्त्यासाठी आहे. मोठ्या ठोकळ्यांची लग नक्षी खाणी, चिखल आणि कच्च्या रस्त्यासाठी आहे. ते ठोकळे डांबरावर प्रत्येक फेऱ्याला वाकतात, आवाज करतात आणि डिझेल खातात. आपल्या गँगची गाडी पावसाळ्यात लाइनच्या बाजूच्या कच्च्या वाटेने जात असेल तर मागे लग टायर हवाच, तिथे काटकसर करून गाडी चिखलात रुतवण्यात शहाणपण नाही. पण डाकेच्या थैल्या घेऊन शहरात फिरणाऱ्या गाडीला लग टायर कशासाठी?

तिसरे कारण माप आणि वजन. मोठा टायर जड असतो, आणि ते वजन चाकाच्या कडेला असते. ते फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. थांबत थांबत जाणाऱ्या गाडीला, म्हणजे डाकघर ते डाकघर फिरणाऱ्या गाडीला, याचा फटका जास्त बसतो. मोठ्या चाकामुळे गिअरचे प्रमाणही बदलते. सपाट मोकळ्या हायवेवर इंजिनाचे फेरे कमी होतात, तिथे उलट थोडा फायदा होऊ शकतो. पण माल भरून घाट चढायचा तर एक गिअर खाली घ्यावा लागतो आणि फायदा तिथेच संपतो. शिवाय मीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते. चलान आले तर तेही ड्रायव्हरच्याच नावावर!

ओढ वाढली म्हणून डिझेल त्याच प्रमाणात वाढते असे नाही, कारण डिझेल हवा कापायला, चढ चढायला, ब्रेकमध्ये आणि इंजिनाच्या स्वतःच्या उष्णतेतही जाते. अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाने २००६ साली छोट्या मोटारींविषयी एक अहवाल काढला. टायरची ओढ दहा टक्क्यांनी कमी केली तर इंधनात एक ते दोन टक्के बचत होते, असे त्यात म्हटले आहे. आकडा लहान वाटतो. पण आपल्या उदाहरणात अडीच टक्के म्हणजेच ते साडेसहा लिटर. महिन्याला पावणेसहाशे रुपये, वर्षाला सात हजार. ज्याच्या घरची पिकअप आहे त्याने या आकड्यात आपल्या पोराच्या शाळेची फी बसते का ते पाहावे.

हवेविषयी थोडे. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, ओढ वाढते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ढोबळ हिशेब असा की चारही टायरमध्ये एक-एक पौंड हवा कमी झाली की इंधन ०.२ टक्का जास्त लागते. दहा पौंड कमी असेल तर दोन टक्के. तोही मोटारींचा हिशेब आहे, पण पिकअपमध्ये मागच्या टायरवर माल असतो, म्हणून तिथे हयगय करू नये. पुढच्या आणि मागच्या टायरची हवा वेगवेगळी असते, गाडीच्या पुस्तकात आणि बहुधा दरवाजाजवळच्या पट्टीवर ती छापलेली असते. टायरचे माप बदलले तर ती पट्टी जशीच्या तशी लागू राहत नाही, हे टायरवाल्याला विचारून घ्यावे. हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी, गरम टायरमध्ये ती जास्त दिसते. आणि ती नायट्रोजनची जी टूम निघाली आहे, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजण्यापूर्वी एवढे आठवा की आपण फुकट श्वास घेतो त्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच आहे.

टायर घेताना ओढीचा आकडा कळायला हवा, ही मागणी आता हवेतली राहिलेली नाही. केंद्र सरकारने २०२२ साली टायरची ओढ, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींसाठी नियम केले. त्यात मोटारींचे टायर सी१, हलक्या ट्रकांचे सी२ आणि जड ट्रक-बसचे सी३ असे वर्ग आहेत. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची टायरसाठी तारे देण्याची योजनाही आहे. युरोपात तर २०१२ पासून टायरवर तशी चिठ्ठी लागते. फ्रिजला तारे पाहून घेणारे आपण टायर घेताना फक्त भाव आणि उधारी पाहतो.

आता जिवाच्या प्रश्नावर येतो. मघाशी मी म्हणालो की झिजलेला टायर हलका ओढतो. हे ऐकून एखाद्या मालकाला वाटेल, मग गुळगुळीत टायरच चालवू, ॲव्हरेजही येईल आणि टायरचे पैसेही वाचतील. काही जण तसे करतातच. मोटार वाहन नियमांप्रमाणे चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी खोल चालत नाही. नक्षीच्या खाचेत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. वरचे रबर त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर काढायचे काम त्या खाचा करतात. खाच नसेल तर टायर पाण्यावर तरंगतो, ब्रेक मारून उपयोग नाही. त्या पिकअपच्या मागे आपल्या गँगची माणसे आणि हत्यारे असतात. अशा गाडीत बसायला नकार देण्याचा हक्क गँगला असला पाहिजे, आणि जो मेट असा नकार देईल त्याच्यामागे युनियन उभी राहील. डिझेल वाचवण्याचे हे साधन आम्हाला मान्य नाही.

आता मोजण्याची पद्धत. मोजणी आपल्या हातात नसेल तर मुनीमजीचा भागाकार हाच पुरावा ठरतो. टायर बदलण्याआधी आठ-दहा दिवस आणि बदलल्यावर तितकेच दिवस, दोन्ही वेळा टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल अशी मोजणी करावी. पंप एकच ठेवावा, नळी आपोआप बंद होते तिथेच थांबावे, वर कोंबून भरू नये. एका टाकीवर निकाल लावू नये, निदान तीन टाक्या व्हाव्यात. माल आणि रस्ता शक्यतो सारखा असावा. उन्हाळ्यातील मोजणीची पावसाळ्याशी तुलना करू नये. टायर बदलले त्याच दिवशी पन्नास किलोमीटर दगडांवर किंवा मोबाइलवर मीटर तपासून किती फरक येतो ते वहीत लिहावे आणि मालकाची सही घ्यावी. पुढे प्रत्येक महिन्याच्या किलोमीटरला तो फरक लावूनच ॲव्हरेज काढायचे. ट्रेडचा आकडा मोजायला खोली मोजण्याची छोटी पट्टी मिळते, तीही घ्या.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात असे होते की नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झालेले हवे, कपात नुकसानीपेक्षा जास्त नको, आणि आधी त्याला कारण दाखवण्याची संधी दिलेली हवी. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. संहितांतील पुष्कळ गोष्टींना कामगार संघटनांचा विरोध आहे, पण संधी दिल्याशिवाय कपात नाही हे तत्त्व तिच्यातही टिकले आहे. ते वापरा. ज्या ठेकेदाराने टायर निवडला, मीटर दुरुस्त केला नाही आणि विचारणाही केली नाही, त्याने हयगय कोणाची हे आधी सिद्ध करावे.

येत्या निविदांमध्ये तीन अटी घालाव्यात, असे पत्र आपण विभागीय कार्यालयाकडे देत आहोत. भाड्याच्या गाडीला कंपनीच्या मापाचाच टायर असावा. टायर बदलल्यावर मीटरची तपासणी रेल्वेच्या सुपरवायझरसमोर व्हावी. ॲव्हरेजच्या कारणाने ड्रायव्हरच्या पगारात कपात झाली तर ठेकेदाराच्या बिलातून ती रक्कम रोखून ड्रायव्हरला द्यावी. मूळ मालक म्हणून रेल्वेची जबाबदारी आहेच. डाक खात्यातील बांधवांनी आपल्या विभागात असेच पत्र द्यावे, मसुदा तयार आहे.

मोजणीच्या वहीचे छापील तक्ते शाखा कार्यालयात ठेवले आहेत. एका गाडीला वर्षाला एक वही पुरते. ज्यांच्या घरी पिकअप आहे त्यांनीही न्यावी, तिची किंमत घेतलेली नाही. त्या पोराची दुसऱ्या महिन्याची कपात परत मिळावी म्हणून येत्या सोमवारी अकरा वाजता आपण ठेकेदाराच्या ऑफिसात जाणार आहोत. ज्यांची रात्रपाळी सुटलेली असेल त्यांनी साडेदहाला युनियन ऑफिससमोर यावे.